अतिदक्षता विभागातील टक्केवारी

संकट कोणतेही असो, व्यापारी घरातील माणूस प्रथम आकडा विचारतो. दुकानाला आग लागली तर माल किती गेला; पेढी अडचणीत आली तर येणे किती आणि देणे किती. या सवयीत गैर काही नाही. आकडा हाती आला की मन थोडे स्थिर होते आणि पुढचे पाऊल सुचते. त्याच सवयीने आपण अतिदक्षता विभागाच्या दाराशीही उभे राहतो आणि डॉक्टर बाहेर येताच विचारतो, "साहेब, वाचण्याची शक्यता किती टक्के?"

कोविडच्या काळात हा प्रश्न स्वतःच्या घरासाठी किंवा आप्तेष्टांसाठी विचारावा लागला नाही, असे कुटुंब महाराष्ट्रात विरळाच असेल. उत्तरादाखल मिळालेल्या आकड्यावर मोठे निर्णय झाले. रुग्णाला मोठ्या शहरात हलवावे का, व्हेंटिलेटरला संमती द्यावी का, परगावच्या मुलाला बोलावून घ्यावे का, मुदत ठेवी मोडाव्यात का. असे निर्णय ज्या आकड्यावर होतात तो कसा तयार होतो, काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे शांत काळात समजून घेतलेले बरे. माझी हयात बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. वैद्यकशास्त्र हा माझा प्रांत नाही. परंतु जोखमीचा हिशेब दोन्हीकडे एकाच तत्त्वावर चालतो, एवढ्याच आधारावर हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

गुणपत्रक कसे बनते?

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या जोखमीला गुण देण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील डॉ. विल्यम नॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली 'अपाची' नावाची पद्धत मांडली आणि १९८५ साली तिची सुटसुटीत दुसरी आवृत्ती काढली. तापमान, रक्तदाब, नाडी, श्वसनाचा वेग, रक्तातील क्षार, शुद्धीची अवस्था अशा बारा मोजमापांना गुण द्यायचे, त्यांत वयाचे व जुन्या आजारांचे गुण मिळवायचे, अशी ही रीत. एकूण गुण ० ते ७१. तेरा रुग्णालयांतील ५,८१५ रुग्णांच्या नोंदींवर ती पारखली गेली.

पुढे १९९६ साली युरोपातील तज्ज्ञांनी 'सोफा' ही पद्धत प्रसिद्ध केली. फुप्फुसे, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, हृदय व रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंडे अशा सहा संस्थांना प्रत्येकी ० ते ४ गुण. जितके गुण अधिक, तितकी ती संस्था खचलेली. चोवीस गुणांची ही बेरीज आज जगभर वापरली जाते. तिच्या कर्त्यांनी मात्र आरंभीच स्पष्ट केले होते, की रुग्णाचा आजार कसकसा वळण घेतो याचे वर्णन करण्यासाठी ही पद्धत आहे, शेवट वर्तवण्यासाठी नव्हे.

या दोन्ही पद्धती सर्व प्रकारच्या गंभीर रुग्णांसाठी होत्या. कोविड आला तेव्हा याच एका विषाणूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र मापाची गरज भासली. ब्रिटनमधील संशोधकांनी इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील २६० रुग्णालयांच्या नोंदी एकत्र केल्या. ३५,४६३ रुग्णांच्या माहितीवरून माप तयार केले आणि नंतर दाखल झालेल्या २२,३६१ रुग्णांवर ते तपासून पाहिले. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले हे माप 'फोर-सी मृत्यूजोखीम गुणांक' म्हणून ओळखले जाते. त्यात आठच बाबी आहेत: वय, लिंग, जुन्या आजारांची संख्या, श्वसनाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, शुद्धी, रक्तातील युरिया आणि सीआरपी. कमाल गुण २१.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चौसष्ट वर्षांचे गृहस्थ, हृदयविकाराचा जुना आजार, श्वसनाचा वेग मिनिटाला २६, ऑक्सिजन ९० टक्के, शुद्धीवर, युरिया सामान्य, सीआरपी १२०. वयाचे ४, पुरुष म्हणून १, जुन्या आजाराचा १, श्वसनाचा १, ऑक्सिजनचे २, सीआरपीचे २. बेरीज ११. ब्रिटनमधील तपासणीत ९ ते १४ गुणांच्या गटातील सुमारे ३१ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले. ३ किंवा त्याहून कमी गुण असणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १ टक्का होते; १५ व त्याहून अधिक गुणांच्या गटात सुमारे ६२ टक्के.

हा आकडा कोणाचा?

आता खरा प्रश्न. या गृहस्थांच्या मुलाला "जोखीम ३१ टक्के" असे सांगितले, तर त्याला नेमके काय कळले?

बँकेत आम्ही म्हणत असू, की अमुक प्रकारच्या शंभर कर्जदारांपैकी पाच थकतील. कोणते पाच, हे ठाऊक नसे. ठाऊक असते तर त्यांना कर्ज मंजूरच झाले नसते. त्या अंदाजावर तरतूद करायची असते, लक्ष ठेवायचे असते, तारण तपासायचे असते. कोणा एका कर्जदाराच्या कपाळावर शिक्का मारण्यासाठी तो अंदाज नसतो. ३१ टक्के हा आकडाही असाच गटाचा आहे. अशा शंभर जणांतील एकतीस गेले आणि एकोणसत्तर घरी परतले. आपला माणूस कोणत्या बाजूला आहे, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते. सर्वांत गंभीर गटातही शंभरांतील सुमारे अडतीस जण वाचलेच.

मापाची पारख करण्याची एक रीत आहे. दगावलेला एक आणि वाचलेला एक, अशा जोड्या घ्यायच्या आणि दगावलेल्याचे गुण किती वेळा अधिक होते ते पाहायचे. फोर-सी मापाने शंभरपैकी सुमारे ७७ जोड्या बरोबर ओळखल्या. नाणे उडवून उत्तर दिले तरी पन्नास बरोबर येतात. म्हणजे माप निश्चित उपयोगाचे आहे. पण चार जोड्यांमागे जवळजवळ एक जोडी त्याच्याही हातून चुकते.

सोफाची कथा याहून बोलकी आहे. व्हेंटिलेटर कमी पडले तर ते कोणाला द्यावेत, हे ठरवताना सोफाचे गुण धरावेत, असे अमेरिकेतील अनेक राज्यांच्या मार्गदर्शक सूचनांत नमूद होते. तेथील १८ अतिदक्षता विभागांतील ६७५ कोविड रुग्णांचे व्हेंटिलेटर लावण्यापूर्वीचे गुण नंतर तपासले गेले आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शंभरांपैकी केवळ ५९ जोड्या बरोबर. नुसते वय विचारले असते तरी ६६ बरोबर आल्या असत्या. कारण समजण्यासारखे आहे. कोविडच्या न्यूमोनियात आरंभी बहुतेकदा एकटी फुप्फुसे खचलेली असत. यकृत, मूत्रपिंडे, रक्तदाब ठीक असत. सहा संस्थांची बेरीज करणाऱ्या मापाला या रुग्णांतील भेद दिसला नाही.

उघडी खाती आणि बंद खाती

एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्क परिसरातील बारा रुग्णालयांतील ५,७०० कोविड रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. व्हेंटिलेटर लावलेल्या रुग्णांपैकी ८८ टक्के मरण पावले, ही त्यातील बातमी जगभर पसरली. 'व्हेंटिलेटर लागला म्हणजे संपले' ही समजूत आपल्याकडेही रुजली, तिला अशा बातम्यांनी खतपाणी घातले.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकांनी तो आकडा उलगडून पाहावा. व्हेंटिलेटर लागलेले रुग्ण होते १,१५१. त्यांपैकी २८२ मरण पावले होते, ३८ जिवंत घरी गेले होते आणि उरलेले ८३१ अद्याप रुग्णालयातच होते. २८२ अधिक ३८ म्हणजे ३२०. त्यांत २८२ म्हणजे ८८ टक्के. ज्यांचा निकाल लागलेला नव्हता, त्या ८३१ जणांना हिशेबातून वगळले होते. एकूण १,१५१ जणांच्या तुलनेत तोवरचे मृत्यू साडेचोवीस टक्के होते. दोन दिवसांतच अहवालात तशी दुरुस्ती झाली. परंतु ८८ टक्क्यांची बातमी तोवर पोहोचायची तेथे पोहोचली होती.

खरे प्रमाण साडेचोवीसच होते, असेही नाही. त्या ८३१ जणांपैकी पुढे काही दगावले, काही बरे झाले. मुद्दा हिशेबाचा आहे. शाखेतील १,१५१ कर्जखात्यांपैकी ८३१ खाती चालू असताना केवळ बंद झालेल्या खात्यांवरून बुडिताचे प्रमाण काढले, तर कोणता लेखापरीक्षक ते मान्य करील? या आजारात मृत्यू बहुधा लवकर येतो. बरे होणारा रुग्ण आठवडेच्या आठवडे खाटेवर असतो. म्हणून साथीच्या आरंभीचा आकडा प्रत्यक्षाहून भयंकर दिसतो.

एका बाजाराचे माप दुसऱ्या बाजारात

मे २०२० मध्ये वुहानमधील संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने एक सुटसुटीत माप काढले. एलडीएच, लिम्फोसाइटचे प्रमाण आणि सीआरपी अशा तीन रक्तचाचण्यांवरून रुग्णाचे भवितव्य सुमारे दहा दिवस आधी, नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेने सांगता येते, असा त्यांचा दावा होता. त्यासाठी एकाच रुग्णालयातील ४८५ रुग्णांची माहिती वापरली होती. ज्या ३७५ रुग्णांवरून माप तयार झाले, त्यांतील १७४ मरण पावले होते. म्हणजे जवळजवळ निम्मे. इतर देशांतील डॉक्टरांनी आपल्या रुग्णांवर ते लावून पाहिले, तेव्हा तशी अचूकता आढळली नाही.

चाचण्या खोट्या नव्हत्या. पण अत्यवस्थ रुग्णांनी भरलेल्या एका रुग्णालयाचे माप, जेथे दहांतील आठ-नऊ जण बरे होतात अशा ठिकाणी नेले, तर ते नाहक घाबरवणारच. धान्याच्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. एका पेठेतील भाव दुसऱ्या पेठेत चालत नाही. आवक वेगळी, गिऱ्हाईक वेगळे. त्या काळात जगभर अशी शेकडो मापे निघाली. त्यांचा सातत्याने आढावा घेणाऱ्या संशोधकांच्या गटाने २३२ मापे पारखली आणि बहुतेकांत गंभीर त्रुटी दाखवल्या. पुढे तपासून पाहण्याजोगी म्हणून ज्या अगदी मोजक्या मापांचा उल्लेख केला, त्यांत फोर-सी होते.

विषाणू बदलला तरी माप बदलावे लागते. फोर-सीच्या २१ गुणांपैकी ७ पर्यंत गुण एकट्या वयाला मिळतात, कारण कोविडमध्ये वय हेच सर्वांत मोठे जोखमीचे कारण होते. २००९ च्या स्वाइन फ्लूची गोष्ट निराळी होती. भारतातील त्याचा पहिला बळी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्यात गेला, हे वाचकांना आठवत असेल. त्या साथीतील जगभरच्या मृतांपैकी सुमारे ८० टक्के ६५ वर्षांहून लहान असावेत, असा अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेचा अंदाज आहे. तरुणाला अभय देणारे कोविडचे माप तेथे धोक्याचे ठरले असते.

आपल्याकडे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत 'स्कोअर' हा शब्द घरोघरी गेला. "एचआरसीटी केला, स्कोअर अठरा आला," असे फोन एका घरातून दुसऱ्या घरात जात. तो स्कोअर पंचविसापैकी असे: फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला ० ते ५ गुण. छायाचित्रात फुप्फुसाचा किती भाग बाधित दिसतो, एवढेच त्यातून कळे. वय, मूत्रपिंडे, शुद्धी, रक्तदाब यांचा त्यात हिशेब नसे. तो आजाराच्या विस्ताराचा आकडा होता. अनेक घरांनी तो मृत्यूच्या टक्केवारीसारखा वाचला. सौम्य आजारात विनाकारण सीटी स्कॅन करू नये, असा इशारा दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना मे २०२१ मध्ये द्यावा लागला होता.

जोखीम बदलते आणि बदलवताही येते

जोखमीचा आकडा त्या काळच्या उपचारांसह बांधलेला असतो. फोर-सी माप ज्या रुग्णांवरून तयार झाले, ते सर्व २० मे २०२० पर्यंत दाखल झालेले होते. त्यानंतर १६ जून रोजी ऑक्सफर्डच्या 'रिकव्हरी' चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला: डेक्सामेथासोन या स्वस्त आणि जुन्या स्टेरॉइडमुळे गंभीर कोविड रुग्णांचे मृत्यू घटतात. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र लाभ दिसला नाही. गुणपत्रक तेच, औषध नवे. आणि त्याच गुणांचा अर्थ बदलला.

याची दुसरी, काळी बाजूही आहे. बाजारात एखाद्या पेढीविषयी वावडी उठते. सारे धनको एकाच दिवशी दारात येतात, बँक कॅश क्रेडिटचा हात आखडते, आणि चालू शकली असती अशी पेढी खरोखर बुडते. मग लोक म्हणतात, "आम्ही म्हणत होतोच." रुग्णाच्या बाबतीतही हे घडू शकते. गुण जास्त म्हणून उपचारांत हात आखडला, रुग्ण दगावला, की माप अचूक ठरते. असे स्वतःच स्वतःला खरे करणारे भाकीत कोणत्याही आकडेवारीत वेगळे ओळखू येत नाही. म्हणूनच एकट्या गुणांकावरून उपचार थांबवणे योग्य नव्हे. उलट, उपचार चालू असूनही एकामागून एक अवयव निकामी होत आहेत, असे डॉक्टर दिवसागणिक दाखवून देत असतील, तर ते ऐकण्याची तयारीही कुटुंबाने ठेवली पाहिजे. त्या वेळी आशेचा हट्ट धरणे हेही रुग्णाच्या हिताचे नसते.

मग विचारावे काय?

एका दिवसाच्या गुणांपेक्षा गुणांची चाल अधिक बोलते. ब्रुसेल्समधील एका अतिदक्षता विभागातील ३५२ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या ९६ तासांत ज्यांचे सोफाचे गुण वाढले, त्यांपैकी निम्मे किंवा अधिक रुग्ण दगावले, मग आरंभीचे गुण काहीही असोत. ज्यांचे गुण घटले, त्यांत मृत्यूचे प्रमाण २७ टक्क्यांहून कमी होते. ताळेबंद एका दिवसाचा असतो. धंद्याची चाल कळायला रोजमेळ पाहावा लागतो.

म्हणून "किती टक्के?" या एका प्रश्नाऐवजी कुटुंबाने पुढील प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. फुप्फुसांखेरीज आणखी कोणती संस्था बाधित आहे? काल आणि आज यांत सुधारणा कशात आहे, घसरण कशात आहे? कोणता उपचार चालू आहे आणि कोणता अद्याप हाताशी आहे? आपण सांगता तो आकडा कशा प्रकारच्या रुग्णांवरून आला, आणि आमचा रुग्ण त्यांच्याहून कोणत्या बाबतीत वेगळा आहे? रुग्ण यातून निघाला, तर त्याचे पुढील सहा महिने कसे असतील? आणि परिस्थितीचा पुन्हा एकत्र विचार आपण कधी करणार, उद्या की परवा? डॉक्टरांचा वेळ थोडा असतो, हे खरे. पण नेमक्या प्रश्नाला उत्तर द्यायला वेळ कमी लागतो.

कुटुंबातील एकाच जबाबदार व्यक्तीने डॉक्टरांशी बोलावे. दहा जणांनी दहा वेळा विचारलेल्या प्रश्नांतून दहा आकडे निघतात आणि घरात वाद होतात. त्या व्यक्तीने एक साधी वही ठेवावी आणि रोज चार-पाच नोंदी कराव्यात: ऑक्सिजन किती द्यावा लागतो, रक्तदाबासाठी औषध चालू आहे का, लघवी किती झाली, शुद्धी कशी आहे, डॉक्टर काय म्हणाले. संध्याकाळी ते पान घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे. आपला माणूस एकतीस जणांत की एकोणसत्तर जणांत, याचे उत्तर त्या पानावर मिळणार नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना काय विचारायचे, हे त्यावरून नक्की कळेल.